अल्पमुदतीच्या शिक्षकाची मुलाखत
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळा उघडण्याच्या सुमारास खेड्यातील शिक्षकाकडे एका विशिष्ट प्रकारची विचारपूस येऊ लागते. त्याच्याच वर्गातून शिकून गेलेली आणि पुढे अध्यापनाची पदविका घेतलेली एखादी मुलगी दारात उभी राहते व विचारते, "गुरुजी, मुंबईच्या उपनगरात सहा महिन्यांची जागा निघाली आहे. मुलाखतीस बोलाविले आहे. काय विचारतील हो?" गुरुजी सांगतात, "घाबरू नकोस. विचारतील त्याचे नीट उत्तर दे. प्रमाणपत्रांच्या प्रती बरोबर ठेव. गाडीला गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन राहा." हा सल्ला चुकीचा मुळीच नाही, परंतु तो निम्माच आहे. मुलाखतीत काय विचारतील, याची तयारी सर्वजण करतात. मुलाखतीत उमेदवाराने काय विचारावे आणि मुलाखत घेणाऱ्याने न विचारताही काय सांगितलेच पाहिजे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा राहिलेला निम्मा भाग होय.

अल्पमुदतीची जागा म्हटली की ती घेणाराही तिच्याकडे हलकेपणाने पाहतो व देणाराही. चार-सहा महिन्यांचाच तर प्रश्न, कोणी तरी वर्गावर उभे राहिले म्हणजे झाले, अशी दोन्ही बाजूंची समजूत असते. पण वर्गात बसलेल्या दुसरीतील मुलाच्या बाजूने हिशेब करून पाहावा. त्याच्या आयुष्यातील दुसरी इयत्ता एकच असते. तिच्यातील सहा महिने म्हणजे निम्मी इयत्ता. जोडाक्षरे याच वेळात यावयाची असतात आणि हातच्याची बेरीजही याच वेळात. शिक्षकाच्या दृष्टीने जी नेमणूक तात्पुरती असते, ती मुलाच्या दृष्टीने तात्पुरती नसते.

या विषयाचा विचार करताना बोरिवलीची एक घटना प्रथम आठवते. कस्तुरबा गांधींचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झाले. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या ट्रस्टने खेड्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तयार करण्याचे कार्य हाती घेतले. १९४५ मध्ये बोरिवली येथे असे एक ग्रामसेविका शिबिर भरले होते. त्या वेळी बोरिवली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आलेली नव्हती. ते रेल्वेचे स्टेशन असलेले, शेतीवाडीचे गाव होते. या शिबिरात दोन शिक्षिकांची गाठ पडली. एकीचे वय त्रेपन्न, दुसरीचे पस्तीस.

पहिल्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९३६ पासून दादरचे शिशुविहार त्या चालवीत होत्या. शहरातील सुस्थितीतल्या मुलांसाठी जे घडले, ते खेड्यातील दरिद्री मुलांसाठी घडेल काय, हा प्रश्न घेऊन त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी जावयाच्या तयारीत होत्या. दुसऱ्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेले. पुण्यास प्रशिक्षित होऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यातील खेड्यात शिकविले. नंतर पुण्याच्या हुजूरपागेत सुमारे एक तप शिक्षिका म्हणून काम केले. नोकरी सांभाळून त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या होत्या. हातात कायमची, प्रतिष्ठेची नोकरी होती.

बोर्डीच्या कामात देण्यासारखे काय होते? इमारत नव्हती. ज्या मुलांसाठी शाळा काढावयाची, त्या मुलांना शाळेत येण्याची सवय नव्हती आणि त्यांच्या आईबापांना त्यांना पाठविण्याची निकड वाटत नव्हती. वेतनाच्या दृष्टीने हुजूरपागेशी तुलना करण्यासारखे काहीच नव्हते. हे काम करण्यास बाई हवी होती आणि बाई शिबिरातच भेटली. अनुताई बोर्डीस गेल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. अंगणातील ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. हा शब्द आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याचा उगम मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा तेथील पहिला पाठ होता. पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हलले व वारली मुलांसाठी कुरणशाळेसारखे प्रयोग झाले. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ मध्ये, कोसबाड येथेच.

या घटनेकडे सहसा त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते. येथे तिचा उल्लेख निराळ्या कारणासाठी केला आहे. ज्या कामात अडचणींखेरीज दाखविण्यासारखे काही नाही, त्या कामाला माणूस कसा मिळतो? या प्रकरणात तो जाहिरातीने किंवा टेबलापलीकडून विचारलेल्या प्रश्नांनी मिळालेला नाही. शिबिरात माणूस काम करताना दिसतो. कोण पहाटे उठतो, कोण दुसऱ्याचे भांडे घासतो, कोण मुलाशी बोलताना खाली बसतो, हे तेथे विचारावे लागत नाही. तसेच शिबिरास आलेल्या व्यक्तीलाही काम सांगणारा कसा आहे, हे पाहण्याची संधी मिळते. दोघांनीही एकमेकांना पाहिले, पारखले, मग शब्द दिला. उत्तम मुलाखतीचे स्वरूप हेच असते. आजच्या काळात प्रत्येक सहा महिन्यांच्या जागेसाठी शिबिर भरविता येणार नाही हे उघड आहे. तरीपण शिबिरात जे आपोआप घडते, त्यातील काही भाग पाऊण तासाच्या मुलाखतीत आणता येतो की नाही, एवढे पाहण्यासारखे आहे.

आता आजच्या उपनगरात यावे. समजा, विक्रमगड तालुक्यातील एक पदविकाधारक भगिनी घाटकोपरच्या एका खासगी प्राथमिक शाळेत मुलाखतीस गेली आहे. शाळेतील एक शिक्षिका प्रसूती रजेवर जावयाच्या आहेत. रजा १८० दिवसांची, तेव्हा जागाही तेवढ्याच दिवसांची. टेबलापलीकडे संस्थेचे चिटणीस, मोठ्या बाई आणि एक ज्येष्ठ शिक्षक बसले आहेत. नाव, गाव, शिक्षण विचारून होते. बालमानसशास्त्राची तत्त्वे विचारली जातात. ती पाठ असल्यामुळे भराभर सांगितली जातात. शेवटी चिटणीस म्हणतात, "जागा तात्पुरती आहे, बाई. काम थोडे जास्त पडेल. चालेल ना?" ती म्हणते, "चालेल." मुलाखत संपते.

'थोडे जास्त' या दोन शब्दांत काय काय दडले आहे ते पाहा. शाळा दोन सत्रांत भरते आणि हा वर्ग सकाळच्या सत्रात आहे; म्हणजे सातच्या आत हजर. उमेदवाराची राहण्याची सोय बदलापूरला मामाकडे आहे. म्हणजे पहाटे चारला उठणे आले. शेजारच्या वर्गाला शिक्षक नाही, म्हणून आठवड्यातून अनेकदा दोन वर्ग एकत्र बसविले जातात. दुपारी सत्र सुटल्यावर पटाच्या नोंदी संगणकावर भरावयाच्या आहेत. मानधन दरमहा मिळत नाही, दोन-तीन महिन्यांचे एकदम मिळते. यांतील एकही गोष्ट कोणी खोटी सांगितली नाही. कोणी सांगितलीच नाही, एवढेच. तिनेही विचारली नाही, कारण विचारले तर जागा हातची जाईल अशी भीती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती आजारी पडते आणि परत जात नाही. मोठ्या बाई म्हणतात, "खेड्यातल्या मुलींना टिकाव धरता येत नाही." मुलगी म्हणते, "मुंबईची माणसे फसवितात." दोघींचेही म्हणणे अन्यायाचे आहे. आणि दुसरीच्या त्या वर्गासमोर, वर्षातली तिसरी बाई येऊन उभी राहते. तिला पहिल्या बाई कोठपर्यंत शिकवून गेल्या हे ठाऊक नाही, दुसऱ्या बाईंनी काय केले हे ठाऊक नाही; म्हणून ती पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करते.

हीच मुलाखत दुसऱ्या रीतीने घडू शकते. मोठ्या बाईंनी आरंभीच सांगावे: "वर्गाचा पट इतका आहे, रोज इतकी मुले येतात. त्यांतील इतक्यांना अजून वाचता येत नाही. शाळा सातला भरते. शेजारचा वर्ग अधूनमधून तुमच्याकडे येईल. मानधन उशिरा येते, पहिले दोन महिने पदरचे पैसे खर्चावे लागतील. राहण्याची सोय मुलुंड किंवा भांडुपच्या अलीकडे झाली तर बरे." इतके ऐकून जी उमेदवार 'विचार करून उद्या सांगते' म्हणते, तिच्याविषयी वाईट मत करून घेण्याचे कारण नाही. तत्काळ 'चालेल' म्हणणाऱ्यापेक्षा ती अधिक भरवशाची. काही चालकांना भीती वाटते, की इतके खरे सांगितले तर कोणी येणारच नाही. काहीजण येणार नाहीत, हे खरे. परंतु ऑगस्टमध्ये जाणारी व्यक्ती जूनमध्येच न येणे, हे शाळेच्या हिताचेच आहे.

उमेदवाराच्या बाजूने विचारण्यासारखे प्रश्न बरेच आहेत; सर्वच येथे सांगत बसण्याचे कारण नाही. वर्गाचा पट व प्रत्यक्ष हजेरी, वेळ, मानधनाची तारीख, लेखी आदेश हे तर विचारावेच. स्त्री उमेदवाराने शाळेत शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह व पाण्याची सोय आहे की नाही, हेही संकोच न करता विचारावे. सहा तास तहान मारून शिकविणाऱ्या शिक्षिकेकडून उत्साहाची अपेक्षा करणे हा क्रूरपणाच होय. परंतु दोन प्रश्न असे आहेत, की जे उमेदवाराला शोभा देतात आणि शाळेची परीक्षाही घेतात.

पहिला प्रश्न: "पूर्वीच्या बाई कोठपर्यंत आल्या आहेत? त्यांची भेट होऊ शकेल काय?" हा प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराच्या मनात नोकरीच्या आधी वर्ग आहे, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. आणि उत्तर ऐकून उमेदवारालाही पुष्कळ कळते. ज्या शाळेत टाचणवही सापडते, मुलांच्या प्रगतीची नोंद समोर ठेवली जाते, ती शाळा अडचणीची असली तरी तेथे काम करता येते.

दुसरा प्रश्न मुंबईचा खास आहे, आणि पावसाळी खेड्यांचाही: "पाणी भरले तर मुले कोणाच्या ताब्यात द्यावयाची?" २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या, रस्ते बुडाले आणि उपनगरांतील कितीतरी मुलांना व शिक्षकांना रात्र शाळेच्या इमारतीत काढावी लागली. अशा वेळी कायमचा शिक्षक कोण आणि सहा महिन्यांचा कोण, हे पाणी विचारीत नाही. ज्या शिक्षिकेला कामावर येऊन आठवडाही झालेला नाही, तिला मुलांची घरे ठाऊक नसतात, पालकांचे चेहरे ओळखीचे नसतात. म्हणून घ्यावयास येणाऱ्या माणसांची यादी, दूरध्वनी क्रमांक आणि वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे असते, एवढे पहिल्याच दिवशी तिच्या हाती पडले पाहिजे.

मुलाखतीतील नमुना पाठाविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. बहुतेक ठिकाणी तीन प्रौढ माणसे मुलांप्रमाणे बसतात व उमेदवार त्यांना 'मुलांनो' म्हणून हाक मारते. हे नाटक दोन्ही बाजूंना अवघड वाटते आणि त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी उमेदवाराला प्रत्यक्ष वर्गातील पाच-सहा मुलांजवळ पंधरा मिनिटे बसू द्यावे. त्यातही वाचता न येणारी दोन मुले असावीत. ती फळ्याकडे पाठ करून उभी राहते की मुलांच्या शेजारी खाली बसते? चुकलेल्या मुलाला उत्तर सांगून टाकते, की तो कोठे अडला ते शोधते? मुलांची नावे विचारते काय? ही पंधरा मिनिटे बोरिवलीच्या शिबिराचे काम करतात.

याच ठिकाणी खेड्यातून गेलेल्या उमेदवाराचे बळ दिसते. उपनगरांतील मराठी शाळांत बसणारी अनेक मुले कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, देशावरून आलेल्या कुटुंबांची असतात. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालविते. तरी एकेका माध्यमाच्या आत बोलींचे किती प्रकार असतात, हे वर्गात गेल्यावरच कळते. बीडकडील मूल 'लेकरू' म्हणते, मालवणकडील 'झील' म्हणते. अंधेरीत जन्मलेल्या शिक्षिकेला हे शब्द चुका वाटण्याचा संभव असतो. खेड्यात वाढलेल्या शिक्षिकेला ते घरचे वाटतात. मुंबईस जाताना आपल्या बोलीची लाज वाटून घेण्याऐवजी, ही आपली शिदोरी आहे असे उमेदवाराने मुलाखतीत मोकळेपणाने सांगावे.

अल्पमुदतीच्या, कमी मानधनाच्या शिक्षकाकडून खरोखर काही साधते काय, असा प्रश्न कोणी विचारील. याला उत्तर मुंबईनेच दिलेले आहे. १९९०-२००० या दशकाच्या मध्यास मुंबईत 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिने १९९८ पासून महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाची योजना चालविली. त्याच वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली एक तरुणी शाळेत येई. तिला आरंभी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. खोली रिकामी असेल तर खोलीत, नाही तर मैदानात, तेही नसेल तर वऱ्हांड्यात. बहुतेक बालसख्या सरासरीने एक वर्ष काम करीत व निघून जात. यापेक्षा अल्पमुदतीचे आणि अवघड काम दुसरे कोणते असेल?

या योजनेची परीक्षा मुंबई व वडोदरा या दोन शहरांत २००१ ते २००३ या काळात काटेकोर रीतीने घेण्यात आली. काही शाळांतील तिसरीला बालसखी दिली, काहींतील चौथीला दिली आणि मग दोन्हींची तुलना केली. तीत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मुलांचे गुण पहिल्या वर्षी ०.१४ व दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. संख्याशास्त्राची ही भाषा बाजूला ठेवली तरी अर्थ स्पष्ट आहे: शालेय सुधारणेच्या अनेक खर्चिक उपायांपेक्षा हा लाभ मोठा होता, आणि तो मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बालसखी मुले घेऊन गेल्यावर मूळ वर्गातील संख्या कमी झाली. पण त्या वर्गात राहिलेल्या मुलांना तेवढ्यामुळे लाभ झाल्याचे दिसले नाही. म्हणजे कारण संख्येचे नव्हते. मुलाला जे येत नाही नेमके तेथून आरंभ करण्याचे होते.

या परीक्षेचा आणखी एक निष्कर्ष आहे, जो योजनेची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत. बालसखी सुटल्यानंतर एक वर्षाने पाहिले, तेव्हा झालेला लाभ बराच ओसरून सुमारे ०.१० वर आला होता. वऱ्हांड्यात दोन तास बसून मिळविलेले, पुढच्या वर्गात कोणी उचलून धरले नाही. अल्पमुदतीच्या शिक्षकाचे काम फुकट जाते ते येथे. तो वाईट शिकवितो म्हणून नव्हे, तर त्याच्यानंतर येणाऱ्याला त्याने काय केले हे कळत नाही म्हणून. मुलाखतीत 'पूर्वीच्या बाई कोठपर्यंत आल्या' हा प्रश्न का विचारावयाचा, याचे कारण या आकड्यांत आहे.

उपनगरांत शाळेचे आणखी एक रूप आहे, ज्यात अल्पमुदत शिक्षकाची नसून शाळेचीच असते. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथे उंच इमारती उठतात, तेथे बांधकामावर राबणाऱ्या मजुरांची मुले वाळूच्या ढिगाशेजारी वाढतात. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत अशा मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि १९७२ पासून मुंबईतही हे काम आले. इमारत पुरी झाली की मजूर निघून जातात आणि पत्र्याच्या खोलीतील शाळाही उठते. तेथील शिक्षिकेला हे मूल आपल्याकडे किती महिने असेल हे सांगता येत नाही. कधी तर एका संध्याकाळी सारे कुटुंब दुसऱ्या बांधकामावर गेलेले असते. धूळ, यंत्रांचा आवाज, तान्ह्यापासून बारा वर्षांपर्यंतची मुले एकत्र. साखर कारखान्यांवर, वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले ज्यांच्या पटावर आहेत, अशा शिक्षकांना हे चित्र नवे नाही. दिवाळीनंतर रिकामा होणारा वर्ग त्यांनी पाहिलेला आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकावी. खासगी शाळांतील सेवकांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे. त्यानुसार नेमणुकीचा आदेश लेखी असावा लागतो, आणि तात्पुरत्या सेवकाला काढावयाचे तर एक महिन्याची सूचना किंवा एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने किमान पात्रता ठरविली आणि प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले. जनगणना, आपत्तीतील साहाय्य व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकाला जुंपू नये, असेही त्यात म्हटले. शिक्षणसेवकांचे मानधन प्राथमिक शाळेसाठी २०२३ मध्ये दरमहा सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपयांवर नेमण्याचा निर्णय शासनाने काढला. उमेदवाराने हे सारे पाठ करून मुलाखतीत वाद घालावयाचा नाही. परंतु तोंडी नेमणुकीवर कामास लागू नये, इतके पथ्य अवश्य पाळावे. 'आदेश मागाहून देऊ' असे ज्या ठिकाणी म्हणतात, तेथे वेतनही मागाहूनच येते.

येथवर ऐकून एखादा मुख्याध्यापक म्हणेल, की जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाखत घेण्याचा अधिकार त्याला कोठे आहे? वरून आदेश निघतो आणि माणूस येऊन उभा राहतो. हे खरे आहे. परंतु जो माणूस पाच-सहा महिन्यांसाठी पाड्यावरच्या शाळेत पाठविला जातो, त्याचा पहिला दिवस हीच त्याची मुलाखत असते, आणि शाळेचीही. त्या दिवशी मुख्याध्यापकाने त्याला हजेरीपट देऊन वर्गात ढकलले, तर शाळा त्या मुलाखतीत नापास झाली असे समजावे. त्याऐवजी पहिला अर्धा तास त्याच्याबरोबर वस्तीतून फिरून यावे. पाणी कोठे भरते, कोणत्या घरातील माणसे हंगामात बाहेर जातात, कोणत्या मुलीला धाकट्या भावंडाला घेऊन शाळेत यावे लागते, हे सांगावे. जेवणाची व राहण्याची व्यवस्था काय, हे विचारावे. खेड्यात रात्री मुक्काम करू इच्छिणाऱ्या परक्या तरुण शिक्षिकेला कोणत्या घरी खोली मिळेल, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीने सोडवावयाचा आहे. तो तिच्यावर टाकणे योग्य नव्हे.

आणि जाण्याच्या दिवसाची बोलणीही येण्याच्या दिवशीच व्हावीत. अल्पमुदतीच्या शिक्षकाने वर्गाची एक वेगळी वही ठेवावी, असे मुलाखतीतच ठरवून घ्यावे. ती तपासणीसाठी नको. तपासणीसाठी ठेवलेल्या वह्यांची शाळांना वाण नाही. ही वही मागाहून येणाऱ्या बाईंसाठी असावी. तीत प्रत्येक मुलासाठी एक पान पुरे. गणपत दोन अंकी बेरीज करतो, पण हातचा घेताना बोटे मोजतो आणि ती लपवितो. त्याला बोटे मोजू द्यावीत. रेश्मा मोठ्याने वाचीत नाही, परंतु शेजारी बसून विचारले तर सगळे सांगते. सुरेशचे वडील कांदिवलीच्या कामावरून गावी गेले आहेत, तो दिवाळीनंतर येईल, त्याचे पुस्तक कपाटात ठेवले आहे. 'र' ची चारही रूपे कोणाकोणाला झाली आणि कोणाची राहिली. रजेवरून परत आलेल्या बाई ही वही घेऊन पहिल्या दिवशी वर्गात जातील, तेव्हा त्यांना गणपतच्या बोटांकडे पाहून न पाहिल्यासारखे करता येईल आणि सुरेशचे पुस्तक कोठे आहे हे शोधावे लागणार नाही.